दुधाची मुळी

हिरड्याच्या खोडाला मी सुतळीने नावाची चिठ्ठी बांधत होते, तेवढ्यात खालच्या पायवाटेने चिमामावशी येताना दिसली. मी हाक मारणार होते. पण तिच्या हातात ताटली होती, डोक्यावरून पदर नीट घेतलेला होता आणि ती इकडेतिकडे बघत चालली होती. चिमामावशी कधी इकडेतिकडे बघत चालत नसे. मी हाक गिळली आणि करवंदीच्या जाळीमागे खाली बसले.

म्हणजे लपले. शब्द फिरवण्यात काय अर्थ आहे? अडतीस वर्षांची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई काट्यांमागे उकिडवी बसून एका म्हातारीवर पाळत ठेवत होती.

मावशी दोन खडकांच्या सांध्यापाशी थांबली. तिथून एक वेल वर आला होता. मी त्या वेलावरून शंभर वेळा गेले असेन, कधी वाकून बघितला नव्हता. मावशीने त्याच्या बुडाशी पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, चिमूटभर तांदूळ आणि एक सुपारी ठेवली. मग एखाद्याच्या दारात बसावं तशी मांडी घालून बसली.

"उद्या सकाळी न्यायला येते," ती वेलाला म्हणाली. "रागावू नको. मपल्या येसूला दूध न्हाय. बारा दिसांचं लेकरू हाय, पोरगी हाय. उद्या चल मपल्या संगं."

एवढं बोलून ती उठली आणि मागे वळून न बघता गेली. ती दिसेनाशी झाली तशी मी पळतच वेलापाशी गेले. पान उलटं करून बघितलं, देठ बघितला, एक सुकलेलं फळ होतं ते फोडून बघितलं. दोन मिनिटांत ओळख पटली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच खडकावर बसून एकटी हसले.

सात वर्षं मी त्या वेलाच्या पाठीमागे होते. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी ही पंचवीस-तीस घरांची वाडी. चिमाबाई भालचिम म्हणजे वाडीची आणि आसपासच्या दहा गावांची वैदीण. खोकल्याला, पोटाला, मुरगळलेल्या पायाला तिच्याकडे काही ना काही असायचंच. पण तिचं नाव झालं होतं ते दुधाच्या मुळीमुळे. ज्या बाळंतिणीला दूध येत नाही तिला मावशी रविवारी सकाळी, निरशापोटी, म्हणजे चहाचा घोटही न घेता, एक मुळी उगाळून द्यायची. बायका लांबून लांबून यायच्या. मावशी कोणाकडून काही घ्यायची नाही आणि कोणाला काही सांगायची नाही. मी शतावरीचा कयास केला होता, तो चुकला. तिच्या सहाणेवरचा चोथा एकदा रुमालात बांधून नेला, त्यातूनही काही कळलं नाही. बाकी दीडशे झाडं तिने मला हाताला धरून दाखवली. या एका मुळीपाशी माझी डाळ शिजली नाही.

मला नावाशिवाय चैन पडत नाही, हा माझा जुना रोग. आमच्या घरात मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी आहे. आमचे हे, दिनकरराव, म्हणायचे, "माझ्याही कपाळावर एक लाव. नाहीतर एखाद्या दिवशी दुसऱ्या कुळात टाकशील."

तर त्या वर्षी मी पहिल्यांदाच वाडीत औषधी वनस्पतींची निसर्गफेरी आणि कार्यशाळा भरवली होती. पुण्याहून चाळीस जण येणार होते. फेरीत झाडं दाखवायची मावशीने आणि नावं सांगायची मी, असं ठरलं. मावशी तयार झाली, पण एका अटीवर.

"त्या मुळीचं इचारायचं न्हाय."

"नाही विचारणार," मी शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आठ वाजता मंडळी आली. टोप्या, बाटल्या, वह्या, एक दुर्बीणसुद्धा. त्यांच्यात माझे गुरू डॉक्टर साठ्येही होते. त्यांच्या हाताखाली मी संशोधन केलं होतं. सर विद्वान होते, कडक होते आणि पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. ते येणार म्हणून मी आदल्या आठवड्यापासून हवेत होते.

मावशी पुढे, मी तिच्या शेजारी आणि मागे सगळी वरात. मावशीला मी एवढी रंगात आलेली कधी बघितली नव्हती. मुरूडशेंगेचा पीळ दाखवून ती म्हणाली, "पोराच्या पोटात असाच पीळ पडतो, म्हणून ही." भारंगीपाशी थांबून खोकल्यावर तिच्या पाल्याची भाजी कशी करायची ते तिने सगळं सांगितलं.

एका बाईंनी पेन सरसावलं. "रोज किती ग्रॅम घ्यायची?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे किती? कोणाची मूठ?"

"ज्याला खोकला त्याची मूठ," मावशी म्हणाली. सगळे हसले आणि ती हसून पुढे निघाली. मला तिचा फार अभिमान वाटत होता.

हिरड्याच्या पुढे, खडकांपाशी पोचलो तेव्हा सरांनी विचारलं, "चिमाबाई, दूध येण्याचं काहीतरी औषध आहे म्हणे तुमच्याकडे?"

"हाय थोडं," मावशी म्हणाली.

"कोणती वनस्पती?"

"त्ये सांगत न्हाईत, दादा."

"का?"

मावशी नुसती हसली. सर मंडळींकडे वळले. त्यांच्या वर्गात चुकलेल्या पोराकडे वळायचे तसे. "हे आपल्याकडे असंच आहे. झाकली मूठ म्हणतात ना, ती उघडत नाहीत, कारण आत बहुतेक वेळा काही नसतं. आणि आमची ही विद्यार्थिनी सात वर्षं त्या मुठीपुढे बसून आहे."

लोक हसले. मावशीही हसली, पण मला तिचा चेहरा दिसला. माझ्या डोक्यात सणक गेली. माझ्या मावशीला काही येत नाही म्हणतात? चाळीस माणसांसमोर? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्या वेलाकडे बोट केलं आणि नाव सांगितलं. आधी मराठी नाव, मग शास्त्रीय नाव, मग कूळ.

"ही ती मुळी," मी म्हणाले. "मावशी बाळंतिणींना हीच देते. आणि सर, या वेलाचा दुधासाठी असा उपयोग कुठल्याही पुस्तकात नाही. मी काल रात्री सगळी पुस्तकं चाळली. हे ज्ञान फक्त या बाईकडे आहे."

चाळीस वह्यांमध्ये ते नाव उतरलं. मी पुन्हा एकदा फोड करून सांगितलं, कारण मागच्यांना ऐकू आलं नव्हतं. सर गुडघ्यावर बसले, पान उलटं करून बघितलं, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "वा, उज्ज्वला."

मी मावशीकडे बघितलं. तिचा मान राखला म्हणून ती खूश झाली असेल असं मला वाटलं होतं. शब्द तरी मी कुठे मोडला होता? विचारलं तर नव्हतंच. मावशी माझ्याकडे बघत नव्हती. तिने कमरेच्या ओच्यातून पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, क्षणभर हातात धरलं आणि वाकून खडकाच्या कडेला ठेवून दिलं. मग पदर खोचून म्हणाली, "चला, म्होरं अडुळसा हाय."

तिने पुढची सगळी फेरी पूर्ण केली. एकही झाड गाळलं नाही. फक्त हसवलं नाही. बारा वाजता शाळेच्या ओट्यावर पिठलं-भाकरीच्या पंगती बसल्या तेव्हा ती नव्हती. थकली असेल म्हणून मी कोणाला पाठवलंही नाही. मी सरांच्या शेजारी जेवत होते.

दोन वाजता बस गेली. चिठ्ठ्या सोडवून घ्याव्यात म्हणून मी पुन्हा वर गेले, तेव्हा खडकाच्या कडेला ती पानाची पुडी दिसली. उघडली. आत बोटभर लांबीची मुळी होती, ताजी, स्वच्छ धुतलेली. पहाटेच खणून आणलेली असणार. मावशीने ठेवली आणि घ्यायची विसरली, असंच माझ्या मनात आलं. शिकलेल्या माणसाला दिसतं ते कळतंच असं नाही.

मी पुडी घेऊन तिच्या घरी गेले.

मावशी चुलीपुढे बसली होती. चूल विझलेली. आत बाजेवर तिची धाकटी लेक येसू बाळाला घेऊन पडली होती. येसू म्हणजे मावशीचं शेंडेफळ. चाळिशीत झालेली. तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं, हे दुसरं. बाळ रडत होतं, पण आवाज बारीक होता. तो आवाज अजून माझ्या लक्षात आहे.

"मावशी, तुझी मुळी वरच राहिली होती," मी म्हणाले.

"ऱ्हायली न्हाय. टाकली."

"टाकली? का?"

बाजेवरून येसू उठून बसली. तिचे डोळे सुजले होते.

"चार माणसांत नाव घेतलंत ना तुम्ही? आता का इचारता?" ती म्हणाली. "नाव फुटलं का मुळीचा गुण जातो. सकाळधरनं निरशी बसलीय मी. चहाचा घोट न्हाय घेतला. आय आली ती रिकाम्या हाती. आता मपल्या लेकराला काय पाजू? तुमची वही पाजू?"

"येसे," मावशी म्हणाली.

"का गप बसू? सात वर्सं आपल्या घरचं खाल्लं त्यांनी."

मी म्हणाले, "अगं येसू, असं नसतं. मुळीत जे आहे ते मुळीत आहे. कोणी नाव घेतलं म्हणून ते कुठे उडून जाईल? काल होतं ते आजही आहे. रसायन असतं ते, त्याला काय ऐकू येतं?" मी बोलत राहिले. वर्गात बोलावं तशी चांगली पाच मिनिटं बोलले असेन. येसू ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिने बाळाला छातीपासून दूर, चिरगुटावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"उगा तोंडाला लावायचं नि रडवायचं. न्हाय येयाचं आता," ती भिंतीला म्हणाली.

बाळ रडायला लागलं आणि तिने मान वळवली नाही.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. रसायन माझं खरं असेल, पण ती मुलगी आता बाळाला जवळ घेत नव्हती आणि हे माझ्यामुळे झालं होतं. मी उंबऱ्यात बसले आणि रडायला लागले. मी रडणारी बाई नाही. माझे वडील गेले तेव्हा मी आलेल्यांना चहा करून देत होते. त्या दिवशी मात्र मला थांबताच येईना. पुडी मांडीवर, आणि मी चष्मा हातात धरून परकरातल्या पोरीसारखी हमसून हमसून रडत होते. "मावशी, मी तुझा मान राखायला गेले गं," एवढंच मला पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं.

मावशी एकदा बाजेकडे बघायची, एकदा माझ्याकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"येसे, इकडं बघ. गुण गेला न्हाय."

येसू हलली नाही.

"मपल्या हातचा गेला. खरं हाय त्ये. पर ज्यानं नाव घेतलं त्याच्या हाताला जातो त्यो. आयनं मला सांगितलं व्हतं, मी इसरले. आत्ता ध्यानात आलं." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ऊठ, बाय. हात धू. आता तू देयाची."

"मी?" माझं रडणं तिथेच थांबलं.

"मग कोण? नाव कोणी घेतलं?"

"मावशी, माझा यावर विश्वास नाही."

"तुपला इश्वास कोणाला पायजे? हात धू."

येसूने मान वळवून आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्यावरचा तिचा राग गेला नव्हता, पण ती बघत होती. मी न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मावशीने सहाण आणून माझ्यापुढे ठेवली, पाण्याची वाटी ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. मुळीला तिने बोटही लावलं नाही. किती वेढे, कुठल्या बाजूने, कसं धरायचं ते तोंडाने सांगत गेली. प्रयोगशाळेत मी पोरांना सांगते तसंच, फक्त माझ्याइतकं न चिडता.

"उजव्या हातानं दे. देताना बोलू नको."

मी दिलं. बोलले नाही. येसूने डोळे मिटून चाटलं, पाणी प्यायली आणि थोडा वेळ तशीच बसली. मग तिने बाळाला उचललं.

"लगी येत न्हाय," मावशी म्हणाली. "लावत ऱ्हा. दोन-तीन दीस लागतील. लावल्याबिगर न्हाय येयाचं."

मुळी दिली तरी माझं मन मानेना. मी म्हणाले, कार्यशाळेसाठी आणलेली जीप आहे, बाळाला एकदा डॉक्टरला दाखवू या. मला वाटलं मावशी रागावेल. ती म्हणाली, "ने की. म्या कधी नको म्हणले?" तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन केलं. वजन कमी होतं, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. वरचं दूध कसं आणि किती द्यायचं ते त्यांनी समजावून सांगितलं आणि येसूला बजावलं, "बाळाला सारखं छातीशी घे, पोटभर खा आणि डोक्यात काही आणू नकोस." येताना जीपमध्ये येसू माझ्याशी बोलली नाही, पण बाळ पूर्ण वाटभर तिच्या पदराखाली होतं.

बुधवारी सकाळी कॉलेजच्या दारात दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर येऊन उभा राहिला. मावशीचा निरोप होता. येसूला दूध उतरलं. मी पहिला तास घेतला नाही.

त्यानंतर मी त्या चाळीस जणांना पत्रं लिहिली. मी सांगितलेलं नाव कृपया वहीतून खोडून टाकावं, कारण ते सांगण्याचा मला अधिकार नव्हता. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. मूठ विचारणाऱ्या बाईंनी वहीतलं ते पान फाडून पाठवलं. साठ्ये सरांनी एका ओळीचं कार्ड लिहिलं: 'खोडले. पटले नाही.' ते कार्ड माझ्याकडे अजून आहे.

आणि पुढच्या रविवारी वाडीत दोन बाळंतिणी आल्या, तर मावशीने त्यांना सांगितलं, "मपल्या हातात न्हाय आता. मास्तरीणबाईच्या हातात हाय. थांबा, येईल ती." मला कोणी विचारलंच नव्हतं. त्या दोघी सकाळपासून उपाशी बसून होत्या, नाही कसं म्हणणार? तेव्हापासून दर शनिवारी दुपारच्या एसटीने मी वाडीत मुक्कामाला जायला लागले. दिनकरराव मला स्टँडवर सोडताना "वैदूबाई, सांभाळून" म्हणायचे. माझ्या सहकाऱ्यांना मी कधी सांगितलं नाही. पण मी माझ्याही मनाचं थोडं केलं. एक ताणकाटा विकत घेतला. पडवीच्या आढ्याला टांगला आणि आलेल्या प्रत्येक बाळाचं वजन करायला लागले. जे फार हलकं दिसेल त्याला आधी डॉक्टरकडे आणि मग मुळी. मावशीला तो काटा फार आवडला. बाळाला झोळीत घालायचं काम तिने स्वतःकडे घेतलं.

मुळीला मात्र ती कधी शिवली नाही. शनिवारी वेलाला बोलावणं करायलाही मीच जायची, ती खालीच थांबायची. हळूहळू बायका आल्या की सरळ माझ्याकडे यायला लागल्या. मावशीला रामराम करायच्या, पण पाया माझ्या पडायच्या. मावशी झोळी धरून बाजूला उभी असायची. फेऱ्या आणि कार्यशाळा मी चालूच ठेवल्या. दरवर्षी त्या खडकांपाशी आले की मी लोकांना सांगायची, "चला, पुढे अडुळसा आहे." ते नाव मी पुन्हा उच्चारलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही.

अशी अकरा वर्षं गेली.

अकराव्या वर्षीच्या कार्यशाळेला घाटापलीकडून एक वैदू आले होते, कोंडाजीबाबा. ऐंशीच्या घरातले. जेवणानंतर कोणीतरी त्यांना विचारलं, औषधाचं नाव का सांगत नाही? बाबा म्हणाले, "नाव फुटलं की गुण संपला."

मी शेजारीच बसले होते. सहज म्हणाले, "संपला म्हणजे, ज्याने नाव घेतलं त्याच्या हातात जातो ना?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "त्याच्या हातात कसा जाईल? मग चोरी करणाऱ्याची चांदीच की. संपला म्हणजे संपला. सात पिढ्या."

"आमच्या वाडीत तसं म्हणतात."

"कोण्याच वाडीत तसं म्हणत न्हाईत, बाई," बाबा म्हणाले आणि त्यांनी पान तोंडात टाकलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी मुळी खणून खाली आले तेव्हा मावशी पडवीत लसूण सोलत बसली होती. तेव्हा तिचं वय चौऱ्याहत्तर होतं. गुडघे गेले होते, नजर शाबूत होती. अंगणात एक तरुण मुलगी बाळाला घेऊन आईबरोबर बसलेली होती. मी चप्पल काढून मावशीजवळ बसले आणि हळू आवाजात कोंडाजीबाबांचं बोलणं तिला सांगितलं.

"खरं हाय," मावशी म्हणाली.

"म्हणजे तुला तेव्हाही माहीत होतं?"

"आयनं सांगितल्यालं कोण इसरंल?"

"मग मला दे म्हणालीस ते?"

"एक भिताडाकडं तोंड करून पडलेली. दुसरी उंबऱ्यात बसून रडत व्हती. लेकरू तिसरं. घरात एकटी मी शाणी. मी काय करायचं व्हतं?" तिने लसणाची साल फुंकून उडवली.

"पण तुझ्या मते तर मुळी मेली होती."

"मेलीच व्हती."

"आणि येसूला दूध आलं ते?"

"त्ये मला न्हाय ठावं. आलं. लेकरू जगलं. मी देवाला इचारलं न्हाय का कसं आलं."

अकरा वर्षांच्या बायका, त्यांची बाळं, आढ्याला टांगलेला काटा, सगळं डोळ्यांपुढे आलं. "मग नंतर तरी सांगायचंस. त्याच आठवड्यात सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी पुढे दिली नसती."

"म्हणून तर न्हाय सांगितलं. एकीला नको म्हणलं असतं तर येसूला कळलं असतं. बाकी बायांनाबी कळलं असतं." तिने आणखी एक पाकळी सोलली. "आन् तू परत कधी वाडीत आली नसतीस."

ते खरं होतं. मी तोंड दाखवलं नसतं.

"तुझ्या हातचं गेलं मावशी, माझ्यामुळे. बायका तुझ्या पाया पडायच्या. त्या माझ्या पडायला लागल्या आणि तू बघत उभी राहिलीस. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की. पयल्या वर्सी लय वाटलं," ती म्हणाली. "शनवारी तू वर गेली का मी हितं बसून रडायची. मग ते झोळीतलं लेकरू हातात येयाला लागलं. मग कमी कमी झालं."

तिने हे इतकं सरळ सांगितलं की मी तिचा लसणाचा हात धरला आणि तसाच धरून बसले. अंगणातली मुलगी आमच्याकडे बघत होती. तिचं बाळ कुरकुरायला लागलं.

"ऊठ, बाय. कवाची बसलीय ती पोर. निरशी हाय."

"नाही, मावशी. आता नाही जमायचं. इतके दिवस मला वाटत होतं, तू म्हणतेस म्हणजे हातात काहीतरी असेल. आता मला माहीत आहे की काही नाही. हे माहीत असताना तिच्या डोळ्यांत बघून कशी देऊ?"

मावशीने हात सोडवून घेतला आणि सुपातला लसूण एका बाजूला सारला.

"मपल्या हातात हाय, हे मला तरी कुठं ठावं व्हतं?" ती म्हणाली. "आय मेली, मी देयाला लागले. पंचेचाळीस वर्सं दिलं. दर टायमाला हात कापायचा. समोरच्या बाईला दिसू द्यायचा न्हाय, एवढंच मी केलं. जा."

मी उठले. हात धुतले, सहाण घेतली, मुळी उगाळली. अंगणात त्या मुलीपुढे जाऊन बसले. तिने तळवा पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं, आणि दिलं.